उतारवयांतील चढण

मराठी भाषेनें म्हातारपणाला अनेक नांवें दिलीं आहेत. परंतु त्यांतील 'उतारवय' हें नांव मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतें. आयुष्य हा डोंगर, तारुण्य ही त्याची चढण, पन्नाशी हा माथा आणि त्यापुढें उतार, हें सारें रूपक त्या एका शब्दांत सामावलेलें आहे. आपण तो शब्द इतक्या सहजपणें वापरतों कीं त्यांत कांहीं रूपक आहे याची आठवणही आपल्याला राहत नाहीं. मात्र एखादा सत्तर-ऐंशी वर्षांचा गृहस्थ खराखुरा डोंगर चढूं लागला म्हणजे हें निजलेलें रूपक एकदम जागें होतें. ज्या वयांत उतरावयाचें त्या वयांत हा चढतो कसा, असा प्रश्न लोकांस पडतो, आणि त्याचीं दोन ठराविक उत्तरें तयार असतात. एक पक्ष म्हणतो, हा म्हातारचळ आहे. दुसरा म्हणतो, वय हा केवळ आंकडा आहे. पहिलें उत्तर घराघरांतून ऐकूं येतें, दुसरें वृत्तपत्रांतून. दोहोंचा दोष मला एकच दिसतो. समोरच्या म्हाताऱ्याकडे दोहोंपैकीं कोणीही नीट पाहिलेलें नसतें.

वृद्धाच्या गिरिरोहणाची कथा आजवर कशी सांगितली गेली, आणि ती कशी सांगावी, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे. मी गिर्यारोहक नव्हें. पर्वतीच्या पायऱ्यांवर अलीकडे दोनदां थांबावें लागणारा एक अध्यापक आहें. तेव्हां पर्वताविषयीं मला जें बोलावयाचें तें ग्रंथांच्याच आधारें बोललें पाहिजे. मात्र प्रारंभ ग्रंथापासून न करतां घडलेल्या गोष्टीपासून करतों.

२००८ सालच्या मे महिन्यांत दोन वृद्ध एव्हरेस्टवर चढत होते. एक नेपाळचे मीन बहादूर शेरचन, गुरखा पलटणींतील निवृत्त सैनिक, वय ७६. दुसरे जपानचे यूइचिरो मिउरा, वय ७५. शेरचन २५ मे रोजीं शिखरावर पोंचले आणि मिउरा दुसऱ्या दिवशीं, २६ मे रोजीं. ८८४८ मीटर उंचीवर, जेथें हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका असतो, तेथें एका दिवसाच्या अंतरानें हे दोन आजोबा येऊन गेले! वास्तविक ही गोष्ट ऐकून मनुष्यानें क्षणभर स्तब्ध व्हावें. परंतु वृत्तपत्रांनीं तिची शर्यत केली. कोण वडील, कोण धाकटा, कोण आधीं, कोण नंतर, याचा हिशेब मांडला गेला. मिउरा पूर्वीं २००३ मध्यें सत्तराव्या वर्षीं एव्हरेस्ट चढले होते. २०१३ मध्यें, हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडावर शस्त्रक्रिया करवून घेऊन, ते ऐंशीव्या वर्षीं पुन्हां चढले. तो विक्रम परत मिळविण्यासाठीं शेरचन पंच्याऐंशीव्या वर्षीं पर्वताकडे गेले, आणि ६ मे २०१७ रोजीं पायथ्याच्या तळावरच त्यांचा अंत झाला.

या सर्व वृत्तांताची सांगण्याची तऱ्हा सराफाच्या चोपडीसारखी आहे. चोपडींत जमा असते, खर्च असतो; माणूस नसतो. म्हणूनच शेरचन यांच्या मृत्यूचें काय करावें हें त्या लेखनाला समजलें नाहीं. कोणी त्याला वीरमरण म्हटलें, कोणी अट्टाहासाचें फळ. आयुष्याच्या शेवटच्या उन्हाळ्यांत एक माणूस आपल्या ओळखीच्या पर्वतापाशीं पुन्हां गेला होता, एवढें साधें वाक्य लिहिण्यास चोपडींत रकाना नव्हता. मिउरांचेंही तसेंच. २०१३ मध्यें शिखरावरून उतरतांना ते अतिशय थकले होते, आणि सुमारें साडेसहा हजार मीटरांवरील दुसऱ्या तळावरून त्यांना हेलिकॉप्टरनें खालीं आणावें लागलें. यावर टीकाकारांनीं आक्षेप घेतला कीं चढण पुरी झाली नाहीं. आक्षेप गिर्यारोहणाच्या नियमांच्या दृष्टीनें गैर नव्हता. परंतु कथेचें मर्म ज्या ठिकाणीं उघडूं लागलें होतें, नेमकें त्याच ठिकाणीं वाद हिशेबाचा झाला. ऐंशी वर्षांचा मनुष्य चढतो कसा यापेक्षां तो उतरतो कसा, आणि कोणाच्या आधारानें, हा प्रश्न वाङ्मयाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा आहे.

हा दोष केवळ वृत्तपत्रांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. सिंहगडच्या १६७० सालच्या लढाईंतील शेलारमामा आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंपरेनें त्यांचें वय ऐंशी सांगितलें आहे. पण आपल्या पोवाड्यांत आणि कथांत हें वय एखाद्या शिरपेंचासारखें येतें. वीराची शोभा वाढविणें एवढेंच त्याचें काम. रात्रीच्या अंधारांत दोर धरून तो कडा चढतांना त्या ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांचें काय झालें, वर पोंचल्यावर त्यांनीं दम कोठें घेतला, मागें राहिलेल्या म्हाताऱ्याला कोणी हात दिला का, हें आपल्याला कोणी सांगत नाहीं. शाहिराला वीररसाची गरज होती, आणि ती त्यानें भागविली. त्याला दोष नाहीं. परंतु वीररसाच्या कथेंत वार्धक्य हें नेहमीं अलंकार म्हणूनच येणार, अनुभव म्हणून येणार नाहीं, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.

मग वार्धक्याची चढण अनुभव म्हणून कोठें आली आहे? आपल्याकडे तिचें सर्वांत मोठें चित्र महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत आहे. अवघ्या तीन अध्यायांचें हें पर्व. पण तितकें निःशब्द करणारें दुसरें पर्व त्या ग्रंथांत क्वचितच सांपडेल. युद्धानंतर छत्तीस वर्षें लोटलीं आहेत. पांच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा एक कुत्रा, असे सारे वल्कलें नेसून निघतात, पृथ्वीची प्रदक्षिणा करून हिमवंत ओलांडतात, वाळूचा समुद्र तुडवतात, आणि मेरूच्या दर्शनाला येतात. तेथें एकेक जण पडूं लागतो. प्रथम द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटीं भीम. प्रत्येक वेळीं भीम विचारतो, हा कां पडला? आणि युधिष्ठिर न थांबतां कारण सांगतो : हिला पक्षपात होता, याला बुद्धीचा गर्व होता, त्याला रूपाचा, त्याला शौर्याचा.

येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हे सारे म्हातारे झाले होते म्हणून पडले, असें युधिष्ठिर एकदांही म्हणत नाहीं. जें कारण कोणाही सामान्य वाटसरूला प्रथम सुचलें असतें, तें धर्मराजाला सुचत नाहीं. व्यासांनीं पर्वताला न्यायासन बनविलें. तेथें गुडघ्यांची आणि श्वासाची साक्ष चालत नाहीं. दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. युधिष्ठिर मागें वळून पाहत नाहीं. पुष्कळ वर्षें हें पर्व वर्गांत शिकवितांना मी या न पाहण्याचें समर्थन वैराग्य म्हणून करीत आलों. पण वय वाढूं लागलें तसें तें समर्थन माझ्या तोंडून पूर्वींच्या जोमानें निघेनासें झालें. कारण आतां मी त्या रांगेंत आपली जागा शोधूं लागलों आहें, आणि ती पुढें चालणाऱ्याची नाहीं!

तथापि व्यास इतके सरळ नाहींत. रथ घेऊन इंद्र समोर येतो, तेव्हां मागें न पाहणारा हा राजा पहिली गोष्ट काढतो ती मागें पडलेल्यांची : माझे भाऊ व द्रौपदी यांवांचून मला स्वर्ग नको. ते पुढेंच गेले आहेत असें इंद्रानें सांगितल्यावर मग तो कुत्र्यासाठीं अडून बसतो. म्हणजे पाय थांबले नाहींत, मान वळली नाहीं, तरी मन सारा वेळ मागेंच होतें. माझ्या मतें या पर्वाचा रस येथें आहे. ती शिखराची कथा नसून सोबतीची कथा आहे. आणि सोबतीची कसोटी लागते ती एखादा मागें पडतो तेव्हां.

ही कसोटी घेऊन युरोपांतील एका प्रसिद्ध चढणीकडे पाहूं. इटालियन कवि पेत्रार्क यानें १३३६ सालच्या एप्रिल महिन्यांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, फ्रान्सांतील माँ व्हांतू हा सुमारें १९०० मीटर उंचीचा पर्वत आपल्या धाकट्या भावासह चढल्याचें वर्णन एका पत्रांत केलें आहे. निसर्गाचें आधुनिक दर्शन येथें सुरू झालें, असें या पत्राविषयीं सांगण्याची प्रथा आहे. परंतु त्या पत्रांतील एका गौण पात्राकडे फारसें कोणी पाहत नाहीं. पर्वताच्या घळींत या भावांना एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो सांगतो, पन्नास वर्षांपूर्वीं मीही असाच जोमानें वर गेलों होतों. पश्चात्ताप, श्रम आणि कांट्यांनीं फाटलेलें अंग व कपडे यांपलीकडे हातीं कांहीं लागलें नाहीं. तरुण ऐकत नाहींत. तेव्हां तोच म्हातारा त्यांना वाट दाखवितो, त्यांचें जास्तीचें ओझें ठेवून घेतो, आणि ते दूर गेले तरी मागून ओरडून सांगत राहतो. त्यानंतर तो पत्रांत येत नाहीं. कवि पर्वतावर संत ऑगस्टीनचें पुस्तक उघडतो, अंतर्मुख होतो, उतरतांना वळून वळून शिखराकडे पाहतो. त्या मेंढपाळाकडे मात्र वळून पाहत नाहीं.

पण या पत्राला एक गंमतीची बाजू आहे. तें त्याच दिवशीं लिहिल्याचा आव कवीनें आणला असला, तरी आजचें स्वरूप त्याला बऱ्याच वर्षांनंतर, १३५३ च्या सुमारास, दिलें गेलें असावें असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असेल तर पत्र लिहितांना पेत्रार्क पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. चढला तो तरुण, लिहिणारा उताराला लागलेला. मग तो ओरडणारा मेंढपाळ कोण, याविषयीं मला संशय येऊं लागतो. आपल्याच तरुण पाठीमागें ओरडणारा तो प्रौढ पेत्रार्क तर नव्हे?

आतां ज्या कथेनें हा लेख लिहिण्यास मला प्रवृत्त केलें तिच्याकडे वळतों. ती मिउरांच्याच देशांतली आहे. शिचिरो फुकाझावा या जपानी लेखकानें १९५६ सालीं 'नारायामा' पर्वतावर एक कथा लिहिली. पुढें तिच्यावर १९५८ आणि १९८३ सालीं दोन नामांकित चित्रपटही निघाले. डोंगरांतलें एक दरिद्री गांव. अन्न थोडें, तोंडें फार. म्हणून रीत अशी कीं सत्तराव्या वर्षीं प्रत्येकानें नारायामा पर्वतावर जावयाचें, म्हणजे मुलानें पाठीवर घेऊन जाऊन तेथें ठेवून यावयाचें. ओरिन ही एकोणसत्तर वर्षांची बाई त्या दिवसाची तयारी करीत आहे. तिचे दांत अजून शाबूत आहेत, आणि दुष्काळी गांवांत म्हातारीचे दांत शाबूत असणें ही लाजेची गोष्ट. म्हणून ती स्वतःच्या हातांनीं ते फोडून घेते. मुलगा तात्सुहेई तिला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. तेथले नियम कडक आहेत : वर गेल्यावर बोलावयाचें नाहीं, आणि परततांना मागें वळून पाहावयाचें नाहीं. तो आईला ठेवून निघतो, आणि बर्फ पडूं लागतो. तिच्या भाग्याचें हें चिन्ह. बर्फांत मरण लवकर येतें. तेव्हां तो मुलगा नियम मोडतो. तो परत वर जातो, आणि आईला सांगतो कीं बर्फ पडतें आहे.

जागतिक वाङ्मयांतील थोर क्षणांत मी याची गणना करतों. ओरिनला सोडवून आणण्याचें बळ तात्सुहेईंत नाहीं. गांवाची रीत त्याच्याहून मोठी आहे. त्याच्या हातीं एवढेंच आहे कीं वळावें, आणि दोन शब्द बोलावे. व्यासांच्या धर्मराजानें जें मनांत केलें, तें या अडाणी शेतकऱ्यानें पायांनीं केलें.

ही कथा वाचून झाल्यावर मिउरांचें चरित्र मीं पुन्हां चाळलें, आणि तें मला निराळें दिसूं लागलें. नारायामाच्या गांवांत ज्या वयीं माणसाला डोंगरावर टाकून येत, त्याच सत्तराव्या वर्षीं हा गृहस्थ प्रथम एव्हरेस्ट चढला. हा योगायोग वृत्तपत्रांच्या उपयोगाचा आहे, आणि तेथेंच थांबलों तर आपणही चोपडी लिहूं लागूं. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. जानेवारी २०१९ मध्यें, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, मिउरा दक्षिण अमेरिकेंतील अकोन्काग्वा चढत होते. सहा हजार मीटरांच्या आसपास सोबतच्या डॉक्टरनें त्यांना थांबविलें. ते थांबले, त्यांचा मुलगा गोता पुढें शिखरावर गेला. नंतर आजारानें त्यांच्या हातापायांतलें बळ कमी झालें. आणि ३१ ऑगस्ट २०२३ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, ते ३७७६ मीटर उंचीच्या फुजी पर्वताच्या माथ्यावर पोंचले ते एका खास चाकांच्या खुर्चींत बसून. ती खुर्ची त्यांचे कुटुंबीय आणि स्नेही दोरांनीं ओढीत होते.

विक्रमांच्या चोपडींत या शेवटच्या चढणीला फारशी किंमत नाहीं. मला मात्र ती त्यांच्या साऱ्या चढणींत श्रेष्ठ वाटते. म्हाताऱ्याला धरून डोंगर चढणारे नातलग, हें चित्र नारायामाचेंच आहे. फक्त शेवट उलटा आहे. त्यांनीं त्याला वर नेलें आणि परत आणलें. येथें वय आंकडा राहिलेलें नाहीं. तें ओझें आहे, आणि वाहणाऱ्यांनीं तें उघडपणें वाहिलें आहे. शिवाय यांत एक जुनें ऋणही दिसतें. १९७० सालीं हेच मिउरा स्कीवरून एव्हरेस्टचा उतार उतरले, त्यावरील अनुबोधपटाला पुढें ऑस्कर पारितोषिक मिळालें; परंतु त्याच मोहिमेंत खुंबूच्या हिमप्रपातांत सहा शेर्पा मृत्युमुखीं पडले होते. पर्वतावर कोणीही एकटा जात नाहीं. तरुण वीराच्या कथेंत ओझें वाहणारे हात झांकलेले राहतात. म्हाताऱ्याच्या कथेंत ते झांकतां येत नाहींत. वृद्धाच्या चढणीची कथा अधिक खरी असण्याचा संभव आहे तो यामुळें.

येथें एक आक्षेप रास्त आहे. आपल्या हौसेसाठीं दुसऱ्यांना ओढावयास लावण्याचा, त्यांचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार म्हाताऱ्याला आहे काय? एव्हरेस्टपुरतें मी म्हणेन, फार थोडा. म्हणूनच अकोन्काग्वावर डॉक्टरचें ऐकून थांबणें ही मला शिखरगमनाइतकीच मोठी गोष्ट वाटते. परंतु आपणां बहुतेकांपुढें प्रश्न एव्हरेस्टचा नसतो. तो बराच लहान असतो, आणि म्हणून आपल्या लक्षांतच येत नाहीं.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असूं, त्र्याहत्तराव्या वर्षीं एकदां म्हणाले, आतकरवाडीवरून पायवाटेनें सिंहगड पुन्हां एकदां चढावासा वाटतो. तरुणपणीं त्यांनीं तो कित्येकदां चढला होता. आम्ही भाऊ हंसलों. म्हणालों, नाना, आतां वरपर्यंत रस्ता आहे, मोटारीनें जाऊं. तसे गेलोंही. वर पिठलें-भाकरी खाल्ली, मडक्यांतलें दहीं घेतलें. नाना फारसे बोलले नाहींत. पायवाट जेथें वर येते तेथें जाऊन ते बराच वेळ उभे राहिले आणि खालून घामाघूम होऊन येणाऱ्या मुलांकडे पाहत राहिले. पुन्हां त्यांनीं तो विषय काढला नाहीं. आम्ही त्यांना जपलें, असें आम्हांला वाटत होतें. आज ओरिनची कथा वाचतांना वाटतें, नारायामाचे लोक म्हाताऱ्यांना शिखरावर सोडून येत. आम्ही पायथ्याशीं सोडून जातों, आणि त्यालाच काळजी म्हणतों. त्यांच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन, पांच ठिकाणीं बसून, परत उतरलों असतों तरी चाललें असतें. पण त्यासाठीं एक अख्खी सकाळ त्यांच्या पावलानें चालावें लागलें असतें.

तेव्हां वृद्धाच्या गिरिरोहणाविषयींचें लेखन हातीं आलें, मग तें वृत्त असो, चरित्र असो कीं काव्य असो, वाचकांनीं त्यास तीन प्रश्न विचारावे. पर्वत जितका उंच आणि माणूस जितका म्हातारा आहे, तितका तो लेखकानें राहूं दिला आहे काय? त्याला आधार देणारे हात दाखविले आहेत काय? आणि शिखरानंतरची उतरण सांगितली आहे काय? या तिन्हीं प्रश्नांस उतरेल असें लेखन मराठींत अद्याप थोडें आहे. आपल्याकडे गडकोट पुष्कळ, ते चढणारे म्हातारेही पुष्कळ. रविवारीं सकाळीं सिंहगडच्या वाटेवर ते काठी टेकीत चढतांना दिसतात. त्यांच्यावर लिहिणाऱ्यानें विक्रमाची चोपडी घरीं ठेवावी आणि त्यांच्या मागून, त्यांच्या वेगानें, एकदां चालून पाहावें.

महाप्रस्थानांतला कुत्रा अखेरीस प्रत्यक्ष धर्म ठरतो. लहानपणीं मला ती केवळ चमत्काराची गोष्ट वाटे. आतां तिचा साधा अर्थ कळूं लागला आहे. त्या साऱ्या वाटेवर तो कोणाहून पुढें गेला नाहीं, आणि म्हाताऱ्या राजाला सोडून मागेंही राहिला नाहीं.